ठेका कुणाचा? क्लाइड स्टबलफिल्ड ते त्रिलोक गुर्टू

(या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याच्या ओघात आलेल्या गोष्टी फारशा काढलेल्या नाहीत. मध्येच रेल्वेचा उल्लेख आला तर समजून घ्या, भाग शहाडला घरी बसून रेकॉर्ड केलाय.)



फंक ड्रमरवर एक भाग करा, अशी मागणी बरेच दिवस होती. मी टाळत होतो, कारण फंक म्हटलं की गोष्ट अमेरिकेतच जाऊन बसते आणि आपण इकडे नुसते टाळ्या वाजवत राहतो. पण गेल्या महिन्यात रात्री साडेअकराच्या सुमारास गच्चीवर उभा होतो. कल्याणहून सुटलेली मालगाडी कसाऱ्याकडे चालली होती. चाळीस-पन्नास डबे असतील. रुळांच्या सांध्यावरून चाकं जाताना जो आवाज येतो ना, दोन जवळचे ठोके, मग जागा, मग पुन्हा दोन. त्यात कुठेतरी एक चाक घासत होतं, ते दर काही ठोक्यांनी मध्येच तोंड घालत होतं. मी मान हलवायला लागलो. आणि मला क्लाइड स्टबलफिल्ड आठवला.

तर सुरुवात त्याच्यापासूनच करू. पण शेवट तिकडे नाही होणार, आधीच सांगून ठेवतो.

क्लाइड स्टबलफिल्ड १८ एप्रिल १९४३ ला अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, चॅटानूगा नावाच्या गावात जन्मला. कारखान्यांचं गाव, रेल्वेचं गाव, आणि भोवती डोंगर. त्याने मुलाखतींमधून सांगितलंय की लहानपणी कारखान्याच्या धुराड्यातून हवा सुटायची तो आवाज डोंगरावर आपटून परत यायचा, आणि रुळांची खटखट त्यात मिसळायची. हाच त्याचा रियाज. कुठल्या शाळेत गेला नाही, नोटेशन वाचायला शिकला नाही. जे कानावर पडलं ते हाताने वाजवलं. शहाड, मोहने, आंबिवली या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. सेंच्युरी रेयॉनच्या भोंग्यावर घड्याळ लावणारी घरं होती आपल्याकडे. फरक एवढाच की आपण त्याला आवाज म्हटलं, संगीत नाही.

१९६५ च्या सुमारास क्लाइड जेम्स ब्राउनच्या बँडमध्ये दाखल झाला. तिथे दुसरा ड्रमर होता जॉन 'जाबो' स्टार्क्स. एका बँडमध्ये दोन ड्रमर, दोघांची तऱ्हा वेगळी. जाबोचा हात सरळ आणि स्वच्छ, क्लाइडचा हात बडबड्या. या दोघांनी मिळून १९६५ ते १९७० च्या आसपास जे वाजवलं, त्यातून फंक नावाचा प्रकार उभा राहिला असं म्हटलं तर फार चूक नाही.

आता फंक म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. म्हणजे मला कळलं तसं. त्याआधीच्या रॉक आणि सोल संगीतात टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडायची. जेम्स ब्राउनने सगळ्या बँडला सांगितलं, पहिल्या मात्रेवर या. सगळ्यांनी पहिल्या मात्रेवर भेटायचं, मधे ज्याला जे करायचं ते करा. आपल्या भाषेत याला सम म्हणतात, आणि आपल्याकडे ती काही शतकं आहे, पण असो. भांडण उकरून काढायला नको.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. चार मात्रा, प्रत्येक मात्रेचे चार बारीक भाग, म्हणजे सोळा. क्लाइड या सोळांपैकी जोरात फार कमी मारायचा. बाकीच्या जागांमध्ये स्नेअर ड्रमवर काठी इतकी हळू टाकायचा की ठोका ऐकू येत नाही, जाणवतो. ड्रमर मंडळी त्याला भुताचे ठोके म्हणतात. चांगला तबलजी ठेका धरताना दोन ठळक बोलांच्या मधे बोटांनी जे भरतो, तसंच काहीसं. ते काढून टाकलं तर ठेका चुकत नाही, पण मरतो.

२० नोव्हेंबर १९६९. ओहायो राज्यातलं सिनसिनाटी. 'फंकी ड्रमर' नावाचं गाणं रेकॉर्ड झालं. गाणं तसं लांबलचक, खरं सांगायचं तर थोडं रटाळ. क्लाइडलाही ते विशेष आवडायचं नाही. पण शेवटाकडे जेम्स ब्राउन बाकीच्यांना थांबायला लावतो, आणि ड्रमरला सांगतो की सोलो करू नकोस, जे चाललंय तेच चालू ठेव. आठ आवर्तनं, वीसेक सेकंद. नुसता ड्रम.

पुढे १९८० च्या दशकात सॅम्पलर नावाचं यंत्र आलं. जुन्या रेकॉर्डचा तुकडा उचलायचा आणि फिरवत ठेवायचा. न्यूयॉर्कच्या हिप-हॉपवाल्या पोरांनी हे वीस सेकंद उचलले. पब्लिक एनिमीने उचलले, एलएल कूल जेने उचलले, पुढे जॉर्ज मायकलपर्यंत गेले. हजाराच्या वर गाण्यांमध्ये तो तुकडा वापरला गेलाय असं मोजणारे सांगतात. आणि क्लाइडला त्याचे किती मिळाले? हक्काचे म्हणून काहीच नाही. गाण्याचा रचनाकार म्हणून नाव जेम्स ब्राउनचं. ड्रमर हा पगारी माणूस. कायद्याच्या नजरेत चाल ही रचना आहे, शब्द ही रचना आहे. ठेका ही रचना नाही.

तो १९७१ च्या सुमारास विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन गावी राहायला गेला. तिथे दर सोमवारी क्लबात वाजवायचा, रेडिओच्या एका कार्यक्रमात वाजवायचा. कर्करोग झाला, मूत्रपिंडाचं दुखणं मागे लागलं, हॉस्पिटलची बिलं चढली. त्यातली नव्वद हजार डॉलरच्या आसपासची रक्कम गायक प्रिन्सने गुपचूप भरली होती, आणि हे जगाला कळलं ते २०१६ मध्ये प्रिन्स गेल्यावर. क्लाइड स्वतः १८ फेब्रुवारी २०१७ ला गेला. त्याचं म्हणणं कायम एकच होतं: पैसे नाही दिलेत तरी चालेल, नाव तरी टाका.

इथे मला एक घरचं सांगायचंय. मी कॉलेजात असताना शहाडच्या एका बँजो पार्टीत ऑक्टोपॅड वाजवायचो. गणपती, नवरात्र, हळदी, सगळीकडे. आमच्यात ढोलकीवर एक मुलगा होता, त्याचं नाव नको. दिवसा कंपनीत हेल्पर. त्याचा एक ठेका होता, साधा केहेरवाच, पण तिसऱ्या मात्रेला तो असा काही मागे रेंगाळायचा की नाचणारी पोरं एक क्षण हवेत राहायची. मिरवणुकीत लोक तेवढ्यासाठी थांबायचे. एका वर्षी दुसऱ्या एका पथकाने तो जसाच्या तसा उचलला आणि त्यांची सीडी निघाली. कल्याण स्टेशनबाहेर विकायला. तो मुलगा स्वतः एक विकत घेऊन आला. आम्ही तावातावाने म्हटलं, जाऊन भांडू. तो म्हणाला, भांडून काय सांगणार, की हा ठेका माझाय? ठेका कधी कुणाचा असतो का?

त्याचं उत्तर मला तेव्हाही देता आलं नाही. हा भाग करण्याचं एक कारण ते आहे.

मुंबईच्या फिल्मी स्टुडिओत तर हीच गोष्ट रोज घडत होती. सत्तरच्या दशकातली कल्याणजी-आनंदजी, आर. डी. बर्मन यांची गाणी ऐका. तो उघडउघड फंक आहे. वाजवणारे कोण होते? गोव्याचे कॅथलिक, मुंबई-पुण्याचे पारशी, आपले मराठी ढोलकीवाले, नेपाळी, बंगाली. लेस्ली गोदिन्हो, फ्रँको वाझ हे ड्रमवर, कावस लॉर्ड आणि त्यांची मुलं केर्सी आणि बुजी, तबल्यावर आणि तालवाद्यांवर मारुतीराव कीर. शिफ्टप्रमाणे पैसे. रेकॉर्डच्या कव्हरवर नाव नाही, पडद्यावर नाव नाही. २००५ साली ब्लॅक आइड पीज या अमेरिकन बँडचं एक गाणं गाजलं, त्यात 'अपराध' आणि 'डॉन' या सिनेमांतल्या कल्याणजी-आनंदजींच्या गाण्यांचे तुकडे होते. त्याला ग्रॅमी मिळालं. संगीतकारांची नावं तिकडे नोंदली गेली, आणि ते योग्यच झालं. पण त्या दिवशी ड्रमवर कोण बसलं होतं, हे त्या पुरस्काराच्या कुठल्याच कागदावर आलं नाही. आपल्याकडे २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला, गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क पक्का झाला. तिथेही ठेका रचनेत मोडत नाही.

आता मुख्य माणूस. त्रिलोक गुर्टू.

बऱ्याच मराठी श्रोत्यांना ते 'शोभा गुर्टूंचा मुलगा' म्हणून माहीत असतात, किंवा नसतातच. जन्म ३० ऑक्टोबर १९५१, मुंबई. आई शोभा गुर्टू, मूळच्या बेळगावच्या, माहेरचं नाव भानुमती शिरोडकर. आजी मेनकाबाई शिरोडकर, नृत्यांगना, आणि गाण्यात अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या. शोभाताई अल्लादियाखाँचे चिरंजीव भूर्जीखाँ यांच्याकडे शिकल्या. पुढे ठुमरी-दादऱ्यासाठी घम्मनखाँ मुंबईत त्यांच्या घरीच राहायला आले. म्हणजे बघा, ज्या घरात हा मुलगा वाढला तिथे ठुमरी बैठकीपुरती नव्हती, सकाळच्या चहापासून होती. पाच-सहा वर्षांचा असल्यापासून तबला हातात. अब्दुल करीम यांच्याकडे रीतसर शिक्षण.

मग फंक कुठून आला?

माझं स्वतःचं एक मत आहे, पटलं तर घ्या. ठुमरी संथ चालते, दीपचंदीत म्हणा, जतमध्ये म्हणा. शब्द उलगडत जातात. आणि शेवटाकडे गायिका मुखड्यावर येऊन थांबते, तेच तेच पुन्हा गात राहते, आणि तबलजी लय वाढवून केहेरव्याच्या अंगाने सुटतो. याला लग्गी म्हणतात. या वेळी गाणं ठेका धरतं आणि तबला गातो. आता जेम्स ब्राउन शेवटाकडे सगळ्यांना थांबवून ड्रमरला मोकळं सोडतो, ते आठवा. नाव वेगळं, पण वाद्यवृंदाने मागे सरून तालाला पुढे करायची ही जी रीत आहे, ती त्या घरातल्या मुलाने शेकडो वेळा जवळून ऐकली असणार. त्यामुळे फंक ऐकल्यावर त्यांना काही परकं वाटलं नसेल, असं मला तरी वाटतं.

साठचं दशक संपता संपता मुंबईत इंग्रजी रेकॉर्डी मिळायला लागल्या होत्या. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये उभं राहून ऐकता यायच्या. जिमी हेंड्रिक्स, सोल, जॅझ. आणि इथे या गोष्टीतला माझा सगळ्यात आवडता किस्सा येतो. गुर्टूंनी तो स्वतः सांगितलाय. ही पाश्चात्त्य गाणी ते ऐकून ऐकून वाजवायला शिकले, पण ओव्हरडबिंग नावाचा प्रकार असतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं. म्हणजे काय, की स्टुडिओत आधी एक वाद्य वाजवतात, मग त्याच टेपवर दुसरं, मग तिसरं. रेकॉर्डवर ऐकू येणारा आवाज एकाच माणसाने एका दमात काढलेला नसतोच. या मुंबईच्या मुलाला वाटलं, असतो! मग तो सगळं एकट्याने एकदम वाजवायला बसला. ज्या गोष्टी तिकडच्या वाजवणाऱ्याने कधी करून पाहिल्या नसत्या, त्या यांच्या हातात बसल्या.

अज्ञानाचा एवढा मोठा फायदा झालेला मी दुसरा पाहिला नाही.

दुसरी गोष्ट बसण्याची. तुम्ही त्यांचा कुठलाही जुना व्हिडिओ काढून बघा. ड्रमर उंच स्टुलावर बसतो, दोन्ही पाय पेडलवर. गुर्टू जमिनीवर, एक गुडघा टेकून, जवळजवळ आपल्या तबलजीच्या उंचीवर. बाजूला तबला-डग्गा, समोर स्नेअर, झांजा, आणि पायाचा ड्रम खास करून घेतलेला, नेहमीसारखा दिसतच नाही. शेजारी पाण्याची बादली. हो, बादली. घासलेली झांज किंवा शिंपल्यांची माळ वाजवत वाजवत पाण्यात बुडवायची, की आवाज वितळल्यासारखा खाली घसरतो. लोक याला गंमत म्हणून बघतात. मला त्यात डग्ग्यावरचा घिस्सा दिसतो. तळहाताने जो सूर वाकवायचा, तो धातूवर वाकत नाही, म्हणून पाणी.

सत्तरच्या दशकात ते युरोप-अमेरिकेत गेले. म्युनिकच्या एम्ब्रियो या जर्मन बँडबरोबर १९७७ च्या 'अपो-कॅलिप्सो' या रेकॉर्डवर ते आहेत, आणि गंमत म्हणजे शोभाताईही आहेत. जर्मन रॉक बँडमध्ये ठुमरीची गायिका! त्यानंतर दोनच वर्षांनी 'मैं तुलसी तेरे आँगन की'मधल्या गाण्यासाठी त्यांचं नाव फिल्मफेअरच्या नामांकनात होतं. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी दुसऱ्या बातमीची दखल घेतली असेल, पहिलीची घेतली असेल असं वाटत नाही. ट्रम्पेटवाले डॉन चेरी त्यांना भेटले तेही याच काळात, आणि तो ऋणानुबंध शेवटपर्यंत राहिला. २०१३ चा 'स्पेलबाउंड' हा अल्बम चेरींच्या आठवणीतलाच.

८ नोव्हेंबर १९८४ ला पूर्व जर्मनीत एका अपघातात कॉलिन वॉलकॉट गेला. ओरेगॉन या अमेरिकन बँडचा हा तालवादक, रविशंकर आणि अल्लारखाँ यांच्याकडे शिकलेला, सतार आणि तबला वाजवणारा गोरा माणूस. त्याच्या जागी ओरेगॉनने बोलावलं त्रिलोक गुर्टूंना. भारतीय वाद्यं शिकलेल्या अमेरिकनाची जागा अमेरिकन वाद्य शिकलेल्या मुंबईकराने घेतली. तीन अल्बम केले त्यांनी ओरेगॉनबरोबर.

आणि मग जॉन मॅकलॉफ्लिन. हा तोच 'शक्ती'वाला गिटारिस्ट. १९८० च्या दशकाच्या शेवटी त्याने त्रिकूट काढलं: स्वतः गिटारवर, काय एकहार्ट बासवर, गुर्टू तालावर. २७ नोव्हेंबर १९८९ ला लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये झालेली मैफल रेकॉर्डवर आहे. ती मिळवून ऐकाच. एकहार्टचा बास अंगठ्याने थाडथाड वाजणारा, अगदी फंकचा. त्याखाली गुर्टू सोळा बारीक भागांमध्ये ठोके पेरत जातात, भुताचे ठोके, पण त्यातले अर्धे स्नेअरवर आणि अर्धे तबल्यावर. मधेच हात थांबतात आणि तोंडाने बोल सुरू होतात. गिटारवाला बोलाला बोलाने उत्तर देतो. लंडनचे लोक हसतात, ओरडतात. त्यांना तिरकिट कळत नाही, पण सम कळते. समेवर बरोबर टाळी येते.

त्या रेकॉर्डवर 'पाशाज लव्ह' नावाची एक रचना आहे. रचनाकार: त्रिलोक गुर्टू. मी मुद्दाम थांबून सांगतोय. ड्रमर, पण रचनेखाली त्याचं नाव.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९८८ मध्ये, त्यांचा स्वतःचा पहिला अल्बम आला होता, 'उस्फ्रेट'. कव्हरवर नाव त्यांचं, आत वाजवणारे डॉन चेरी, ओरेगॉनचे राल्फ टाउनर, व्हायोलिनवर एल. शंकर. आणि गाणाऱ्या शोभा गुर्टू. यात आईला 'पाहुणी कलाकार' म्हणून कोपऱ्यात बसवलेलं नाही. ठुमरीच्या आवाजाभोवती बास, ड्रम, तबला सगळे चालतात, आणि शोभाताई एक पैसाभरही आपली चाल बदलत नाहीत. फंकनेच त्यांच्या बाजूला जागा करून घ्यायची. ब्रिटनमध्ये वाढलेल्या देशी मुलांनी नव्वदच्या दशकात जे संगीत काढलं, टॅल्विन सिंग, नितीन सोनी वगैरे, त्या मंडळींपर्यंत हा अल्बम पोचला होता. १९९३ चा 'क्रेझी सेंट्स' ऐका, त्यात पॅट मेथनी आहे, जो झाविनुल आहे, आणि पुन्हा आई आहे. 'डाउनबीट' या अमेरिकन जॅझ मासिकाच्या समीक्षकांनी गुर्टूंना अनेक वर्षं पहिल्या क्रमांकाचा तालवादक म्हणून निवडलं.

आता कुणी म्हणेल, अहो, हा फंक ड्रमर कुठे, हा तर जॅझवाला, फ्युजनवाला. असेल. मला त्या पाट्यांचा कंटाळा आलाय. क्लाइडने जे शोधलं, म्हणजे ऐकू न येणाऱ्या ठोक्यांनी नाचवणं, ते पुढे नेणारा आपल्या गावचा माणूस दाखवा म्हटलं तर मी यांचंच नाव घेईन. आणि क्लाइडकडे जे नव्हतं ते यांनी पहिल्यापासून स्वतःकडे ठेवलं, आपल्या रचनेवरचा आपला हक्क. पण हेही खरं, की त्यासाठी स्टुडिओची शिफ्ट सोडावी लागली, मुंबई सोडावी लागली. ते हॅम्बर्गला स्थायिक झाले. त्यांचे भाऊ रवी गुर्टू मुंबईच्या फिल्म संगीतात वाजवत राहिले. एकाच घरातले, एकाच आईचं गाणं ऐकून मोठे झालेले दोन तालवादक, आणि दोन वाटा. कुठली बरोबर, हे मी नाही सांगणार. शिफ्टवाल्यांनी वाजवलेलं आपण सगळे रोज गुणगुणतो, आणि 'उस्फ्रेट' आपल्यातल्या किती जणांनी ऐकलाय?

शोभाताई २७ सप्टेंबर २००४ ला गेल्या. त्याआधी दोन वर्षं त्यांना पद्मभूषण मिळालं होतं. गुर्टू पुढेही थांबले नाहीत. २०१९ च्या एका अल्बमचं नाव त्यांनी ठेवलंय, 'गॉड इज अ ड्रमर'.

परवा त्या आमच्या ढोलकीवाल्याला गाठलं. कंपनी सोडून बरीच वर्षं झाली, आता रिक्षा चालवतो, स्टेशन ते बिर्ला मंदिर. त्याच्या रिक्षात मागे बसून मोबाइलवर त्याला लंडनची ती रेकॉर्ड ऐकवली. नाव सांगितलं नाही, काही नाही. पाचेक मिनिटं ऐकलं त्याने. हँडलवर बोटं चालू होती. मग म्हणाला, हा माणूस खाली बसून वाजवतोय ना?

मी विचारलं, कशावरून?

म्हणाला, हात खालून येतोय. आणि मग त्याने हँडलवर तोच आपला जुना ठेका धरला, तिसऱ्या मात्रेला रेंगाळणारा. मी तो फोनवर रेकॉर्ड केलाय. या भागाच्या शेवटी जो चाळीस सेकंदांचा तुकडा तुम्हाला ऐकू येतो, तो तोच आहे. वाजवणाऱ्याला विचारून लावलाय. नाव टाकू का म्हटलं, तर म्हणाला, नको, गिऱ्हाईक हसतील. मी अजून त्याच्या मागे लागलोय.